बाप्तिस्म्याआधी गेलेल्या लेकरांबद्दल: पाळकांना आणि पंचांना खुले पत्र

प्रति,
अचलपूर, चांदूर बाजार, अंजनगाव, दर्यापूर भागातल्या मंडळ्यांचे पाळक, वडील आणि पंच यांस

ख्रिस्त येशूमध्ये सप्रेम सलाम.

मी आपल्यातलीच. शिक्षण नर्सिंगचं, नोकरी आधी मिशनच्या दवाखान्यात आणि मग सरकारी बाळंतपणाच्या वॉर्डात. आता निवृत्त आहे, रविवारी संडेस्कूलची लहान मुलं सांभाळते. हे पत्र कोणा एका पाळकाच्या विरोधात नाही, म्हणून यात ना गावाचं नाव आहे ना मंडळीचं. ज्यांचं त्यांना कळेलच.

विषय वरवर दोन आहेत. बाप्तिस्मा व्हायच्या आधी जी लेकरं जातात त्यांच्या कबरीवर आपण काय बोलतो, किंवा काय बोलायचं टाळतो, हा एक. आणि जी जिवंत आहेत त्यांना उन्हाळी बायबल शाळेत पापाबद्दल काय सांगतो, हा दुसरा. मुळाशी प्रश्न एकच आहे: देव लहान लेकराकडून पापाचा हिशेब मागतो का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका घरी लेकरू गेलं. पंधरवड्याचंही झालं नव्हतं. दिवस भरायच्या आधी आलेलं, वजन दीड किलोच्या आत. काचेच्या पेटीतून बाहेर निघालंच नाही. बाप्तिस्मा पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी ठरला होता. बापाने पाळकसाहेबांना फोन केला. उत्तर आलं की बाप्तिस्मा झालेला नाही, तेव्हा विधी करता येणार नाही. कबरस्तानात कंपाउंडच्या कडेला जागा आहे, तिथे पुरा. आपल्याकडची काळी माती तुम्हाला ठाऊक आहे. हातभर खणलं की खालून पाणी. लेकराचा काका घमेल्याने पाणी उपसायचा आणि ते पुन्हा झिरपून यायचं. शेवटी तळाशी मुरूम टाकला तेव्हा कुठे खोकं ठेवता आलं. सलाईनच्या बाटल्यांचं खोकं होतं ते, आत आजीचं जुनं लुगडं अंथरलेलं. आजीनेच प्रभूची प्रार्थना म्हटली आणि सगळे घरी गेले.

आई ओली बाळंतीण, ती कबरस्तानात नव्हती. मी भेटायला गेले तेव्हा तिने दार लोटून घेतलं आणि विचारलं, "सिस्टर, पान्याबिगर गेलं माहं लेकरू. आता कोठी असन जी ते?" मी म्हटलं, प्रभूजवळ. त्यावर ती म्हणाली, "तुमी कायच्या भरवशावर सांगता? साहेब त तसं नाई म्हनत."

तिचं बरोबर आहे. नुसत्या मायेने दिलेल्या उत्तरावर कोणी विसंबू नये. भरवसा कशाचा ते सांगायला हवं, आणि ते काम खरं तर पाळकांचं. त्यांनी केलं नाही म्हणून मी करते.

आधी ही विधी नाकारायची चाल बघा. पवित्र शास्त्रात तिचा मागमूस नाही. ती आली इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातून. त्यात दफनविधीच्या आधी सूचना छापली आहे की बाप्तिस्मा न झालेले, मंडळीबाहेर टाकलेले आणि स्वतःचा जीव घेतलेले, यांच्यासाठी हा विधी वापरू नये. (आपल्या जिल्ह्यांत या तिसऱ्या वर्गावर वेगळं पत्र लिहावं लागेल. ते पुन्हा कधी.) त्याच पुस्तकात असंही म्हटलंय की बाप्तिस्मा झालेलं मूल स्वतः पाप करायच्या आधी वारलं तर ते निःसंशय तारलं जातं. बाप्तिस्मा न झालेल्याचं काय, यावर ते पुस्तक गप्प आहे. त्या गप्प बसण्याचा अर्थ आपण लावला नरक.

या विचाराचं मूळ आणखी मागे आहे. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप ऑगस्टीन, जे ४३० साली वारले, त्यांनी पेलाजियसच्या शिकवणीला (आदामाचा दोष लेकरांना लागत नाही, असं तो म्हणायचा) उत्तर देताना मांडलं की आदामाचा दोष प्रत्येक लेकरू घेऊन जन्मतं आणि बाप्तिस्म्यावाचून ते दंडाला पात्र आहे. पण तो दंड सगळ्यांत सौम्य असेल, अशी पुस्ती त्यांनीच जोडली. एवढ्या मोठ्या माणसालाही इथे हात आखडता घ्यावा लागला. पुढे मध्ययुगातल्या पंडितांनी लिम्बो नावाची मधली जागा कल्पिली, जिथे यातना नाहीत पण देवाचं दर्शनही नाही. कॅथलिक मंडळीने तो कधी विश्वासाचा अधिकृत सिद्धांत केला नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात तर लिम्बो नाहीच. अशी लेकरं देवाच्या दयेवर सोपवावीत आणि त्यांच्या तारणाची आशा धरावी, असं आहे. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने याच विषयावर सबंध निबंध काढला आणि आशेला भक्कम आधार आहे असं म्हटलं. आईबापांचा बाप्तिस्मा द्यायचा विचार होता पण लेकरू आधीच गेलं, तर बिशपांच्या परवानगीने त्याचा दफनविधी करता येतो, हे त्यांच्या कायद्यातच आहे. म्हणजे त्या बाईचं लेकरू कॅथलिक घरातलं असतं तर त्याला विधी मिळू शकला असता. आणि आपण स्वतःला प्रॉटेस्टंट म्हणवतो!

कॅथलिकांबद्दल आणखी एक. त्यांच्यात मरणाच्या दारात असलेल्या लेकराला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, अगदी बिगरख्रिस्ती माणूसही. हेतू चर्चचा जो हेतू तोच असावा आणि पाणी ओतताना पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घ्यावं, एवढंच. आमच्या वॉर्डात एक बौद्ध सिस्टर होती. रात्रपाळीला एका कॅथलिक आईने गळ घातली, फादर यायला सकाळ झाली असती. त्या सिस्टरने इंजेक्शनच्या पाण्याची कुपी फोडली, लेकराच्या टाळूवर ओतली आणि आईने सांगितलेले शब्द एकेक करून म्हटले. हात जराही कापला नाही तिचा. मग रजिस्टरमध्ये वेळ लिहिली आणि पुढच्या खाटेकडे गेली. मला त्या शिकवणीतल्या सगळ्याच गोष्टी पटतात असं नाही, पण त्यांनी आईला दारात उभं ठेवलं नाही हे खरं.

आता आपलं घर. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडून, म्हणजे प्रेस्बिटेरियन. त्यांच्या परंपरेचा वेस्टमिन्स्टरचा विश्वासाचा अंगीकार सतराव्या शतकातला. त्यात म्हटलंय की बालपणी मरणारी निवडलेली, म्हणजे देवाने तारणासाठी आधीच निवडलेली, बालकं ख्रिस्ताद्वारे तारली जातात. निवडलेली कोणती, ते सांगितलेलं नाही, आणि या एका शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. शेवटी १९०३ साली अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियनांनी जाहीर निवेदनच जोडलं की बालपणी मरणारी सगळीच त्या निवडीत आहेत असं आम्ही मानतो. इंग्लंडचे उपदेशक स्पर्जन तर बाप्टिस्ट, म्हणजे तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा न देणारे, आणि वर पक्के कॅल्विनवादी, म्हणजे देवाची ही निवड मानणारे; त्यांनीही १८६१ मध्ये लंडनला याच विषयावर उपदेश करून हेच सांगितलं. हॉलंडमधल्या डॉर्टच्या सिनोदने, म्हणजे धर्मसभेने, १६१८-१९ मध्ये विश्वासू आईबापांना धीर दिला होता की अशा लेकराच्या तारणाबद्दल शंका धरू नका. तो धीर फक्त विश्वासू आईबापांपुरता, आणि मला तिथेच अडखळायला होतं. त्यावर पुढे येते.

यवतमाळकडचे फ्री मेथॉडिस्ट हे मेथॉडिस्टांचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या परंपरेतले; ते मानतात की आदामाच्या दोषातून येणारा दंड ख्रिस्ताच्या कार्याने लेकरांवरून उतरलेला आहे. अकोला-खामगावकडची अलायन्स मिशनची मंडळी बाळाचं समर्पण करते, म्हणजे प्रार्थना करून ते देवाच्या हाती देते, बाप्तिस्मा समजत्या वयात. त्यांची सगळीच तान्ही लेकरं बाप्तिस्म्यावाचून असतात. ती सगळी हरवलेली, असं म्हणायची कोणाची छाती आहे?

तुमच्यातले बरेच जण उत्तर भारतीय चर्चचे. हे चर्च २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच, ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात, स्थापन झालं. त्यात अँग्लिकन आले, प्रेस्बिटेरियन आले तसे बाप्टिस्ट आणि ब्रदरनही आले, आणि त्यांना एकत्र नांदवायला बालबाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा दोन्ही मार्ग बरोबरीचे मानले गेले. आईबापांनी समर्पण करून घेतलं आणि मुलगा मोठा होईस्तोवर थांबले, तर ते या चर्चच्या नियमातच आहे. म्हणजे त्या घरातलं आठ वर्षांचं पोरगं बाप्तिस्म्यावाचून वारलं तर त्यालाही कंपाउंडच्या कडेला पाठवणार का? नाही ना? मग पंधरवड्याच्या आतल्याला कोणत्या नियमाने पाठवलं?

आता शास्त्र. तुम्ही म्हणाल, आईने पापात गर्भ धरला म्हणणारं एक्कावन्नावं स्तोत्र आहे, रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय आहे. आहेत, आणि मी ते पुसत नाही. एका माणसाद्वारे पाप जगात आलं आणि पापाद्वारे मरण, हे मी वॉर्डात इतकं पाहिलंय की मला कोणी समजावून द्यायची गरज नाही. ज्यांनी आदामासारखं पाप केलं नाही त्यांच्यावरही मरणाने राज्य केलं, असं पौल लिहितो. ते मरण लेकरांवर येतं हे दिसतंच. पण मरण येणं वेगळं आणि नरकाचा निकाल लागणं वेगळं. बापाचं कर्ज म्हणून लेकाच्या सातबाऱ्यावर बोजा चढतो, वसुलीवाला दारात येतो, घर हलाखीत जातं. हे आपण विदर्भात रोज बघतो. तरी न जन्मलेल्या नातवाने ते कर्ज काढलं असं तलाठीसुद्धा लिहीत नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या थोडंफार असंच म्हणतात: आदामापासून मरण आणि बिघाड वारशाने आले, त्याचा वैयक्तिक दोष नाही. आणि यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण मोडीत काढून देव स्वतः सांगतो की मुलगा बापाच्या अधर्माचा भार वाहणार नाही.

शेवटच्या न्यायाची वचनं काढून बघा. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात पुस्तकं उघडली जातात आणि ज्याच्या त्याच्या कृत्यांप्रमाणे न्याय होतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातही देहात असताना जे केलं त्याचंच फळ म्हटलंय. काचेच्या पेटीतल्या लेकराने देहात असताना काय केलं? श्वास घ्यायची धडपड केली. लेकरू निष्पाप म्हणून तारलं जातं असं मी म्हणत नाही. ते ख्रिस्त मेला म्हणून तारलं जातं, तुम्हीआम्ही तारले जाऊ तसंच. फरक इतकाच की त्याने त्या कृपेला कधी नाही म्हटलेलं नाही.

दाविदाचं लेकरू आठवा. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात बाराव्या अध्यायात ते सातव्या दिवशी मरतं. हा सातवा दिवस आजारपणाचा की आयुष्याचा, यावर टीकाकारांत दुमत आहे. आयुष्याचा असेल तर त्याची सुंताही, म्हणजे देवाच्या कराराचं चिन्हही, झालेली नव्हती, कारण ती आठव्या दिवशी. तरी दावीद उठतो, अंघोळ करतो, परमेश्वराच्या घरात जाऊन भजन करतो आणि म्हणतो की मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे परत येणार नाही. कोणी म्हणेल, याचा अर्थ फक्त कबरीत जाईन एवढाच. असेलही. पण नुसत्या कबरीच्या विचाराने बाप उठून जेवायला बसत नाही. आणि सुंतेचा विषय निघालाच आहे तर विचारते, ती चिन्हाची सगळी व्यवस्था मुलग्यांपुरतीच होती. इस्राएलात ज्या मुली तान्हेपणी वारल्या त्या कोणत्या कंपाउंडला?

मग योना संदेष्टा. त्या पुस्तकाचा शेवट देवाच्या प्रश्नाने होतो: उजव्या-डाव्या हाताचा भेद न कळणारे एक लाख वीस हजारांहून जास्त जीव आणि पुष्कळ गुरंढोरं ज्यात आहेत त्या निनवेची मी कीव करू नये काय? काही अभ्यासक म्हणतात की ही संख्या सगळ्याच नगरवासीयांची. पण लेकरं असा अर्थ घेणारेही पुष्कळ आहेत, आणि मीही तोच घेते. निनवे म्हणजे अश्शूरी नगर. विश्वासू आईबापांचं नव्हे, शत्रूचं. डॉर्टच्या सिनोदने जिथे थांबायचं ठरवलं तिथे देव थांबत नाही. मेळघाटातल्या कोरकू पाड्यांवर दर पावसाळ्यात जी लेकरं जातात, ती कोणत्याही मंडळीच्या रजिस्टरमध्ये नाहीत. त्यांना मी निनवेच्या हिशेबात धरते.

आता जिवंत लेकरांकडे. मे महिना, पत्र्याखालचा वर्ग, पंखा गरम हवा फेकतोय. पाहुणे सुवार्तिक काळ्या-लाल-पांढऱ्या पानांचं पुस्तक धरून उभे. पापाचं काळं पान दाखवून ते विचारतात, "आज रात्री मेलात तर कुठे जाल?" मग डोळे मिटायला लावून हात वर करायला सांगतात, आणि वर आलेले हात मोजून अहवालात तारणाचा आकडा जातो. पहिलीतलं पोरगं हात वर करणारच. शेजारचा करतोय ना! आमच्या संडेस्कूलमधलं एक पोरगं त्यानंतर दिवा मालवू देईना. त्याला स्वतःची काळजी नव्हतीच. त्याचा शेजारचा दोस्त आईसोबत विहारात जातो, तो जळेल का, हे त्याला विचारायचं होतं. मी त्याला योनाची शेवटची ओळ वाचून दाखवली. गुरंढोरं आली तेव्हा तो हसला.

लेकरं पाप करत नाहीत असं माझं म्हणणं नाही. संडेस्कूल घेणाऱ्या बाईला असं कोणी सांगू नये. चार वर्षांचं पोरगं दुसऱ्याचा खडू खिशात घालतं आणि विचारलं की दोन्ही मुठी मागे लपवतं. त्याला कळतं. त्याला चूक कबूल करायला, खडू परत द्यायला, माफी मागायला शिकवावं. ते येशूचंच शिक्षण आहे. पण खडू लपवला हे कळणं आणि देवाची कृपा समजून उमजून लाथाडणं यांत फार अंतर आहे.

हे वय नेमकं कोणतं, याचं एक उत्तर शास्त्रात नाही. बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात पहिल्या अध्यायात ज्यांना बरंवाईट कळत नाही त्या लेकरांनाच वचनदत्त देश मिळतो, आणि गणना नावाच्या पुस्तकात चौदाव्यात अरण्यात मरण्याच्या दंडाची रेघ वीस वर्षं आणि त्यावरच्यांवर ओढलेली आहे. यहुद्यांत मुलगा तेराव्या वर्षी आज्ञांना बांधला जातो. कॅथलिक कायदा सात वर्षं पूर्ण झाली की समज आली असं धरतो, आणि १९१० पासून पहिलं कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, साधारण त्याच वयाला आलं. आपल्या देशाचा फौजदारी कायदाही सातच धरायचा, आणि २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिताही तेच धरते: सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा नाही, आणि सात ते बारामध्ये त्याला समज किती होती ते न्यायाधीशाने बघायचं. अचलपूरच्या कोर्टात ज्याच्यावर खटला उभा राहू शकत नाही, त्याला आपण पत्र्याखाली उभं करून जन्मठेपेहून मोठी शिक्षा ऐकवतो. ज्यांची समज वयाने वाढतच नाही असे मतिमंद भाऊबहीणही आपल्यात आहेत. वेस्टमिन्स्टरवाल्यांनी निदान त्यांचा उल्लेख त्याच कलमात केला; आपल्या उपदेशांत ते कधी येत नाहीत.

मंडळीतल्या एका वडिलांनी मला म्हटलं की असं सांगितलं तर लोक बाप्तिस्म्याची घाई करणार नाहीत. नाही करणार. भीतीने केलेली घाई आपल्याला हवी कशाला? बाप्तिस्मा प्रभूची आज्ञा आहे, मंडळीत येण्याचं दार आहे, म्हणून आईबाप आनंदाने येतील.

माझं मागणं थोडकं आहे. मंडळीतल्या घरातलं लेकरू गेलं, पोटातच गेलेलं असलं तरी, पाळकांनी कबरीवर यावं आणि मार्कच्या दहाव्या अध्यायातलं वाचावं: "बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या, त्यांना मनाई करू नका." कबर इतर कबरींच्या रांगेत द्यावी. कंपाउंडच्या कडेला जी लेकरं आधीच पुरलेली आहेत त्यांची नावं रजिस्टरमध्ये घालावीत. आयांना नावं ठाऊक आहेत, विचारा. लेकरू दवाखान्यात पेटीत असेल तर रविवारची वाट न बघता तिकडे जावं. उन्हाळी शाळेला पाहुणे बोलावताना आधीच सांगावं की चौथीच्या खालच्या वर्गांत नरकाचा विषय नाही आणि हात मोजायचे नाहीत. आणि त्या आईकडे जावं. तिला माझं उत्तर मिळालं आहे, तुमचं मिळायचं आहे.

हा विषय येत्या पंचसभेत घ्या आणि ठराव लिहून करा, तोंडी नको. मला बोलावलंत तर येईन. सभेत बायकांना बोलू देत नसाल तर तेही कळवा, मी लेखी पाठवीन.

आपली बहीण,
एक निवृत्त परिचारिका
अचलपूर तालुका, जि. अमरावती